घाट आणि बूट: जून ते सप्टेंबरच्या नोंदी

1 जून, रविवार

नाव नोंदवून टाकलं. सप्टेंबरातली सातारा हिल हाफ, 21.1 किमी, जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. इतकी वर्षं समर्थ मंदिरापाशी उभं राहून नुसत्या टाळ्या वाजवल्या, पळणाऱ्यांना पाणी दिलं, आणि घरी येऊन पोहे खाल्ले. यंदा म्हटलं बास.

बँकेत दिवसभर नोंदीच करते त्यामुळे याचीही नोंद ठेवणार. आजचं भांडवल असं: वय 41, सपाटीवर सलग 8 किमी जमतात, किमीला 7:40 मिनिटांच्या आसपास, घाटाचा अनुभव शून्य (गाडीने सोडून). बुटांचा एक जोड, दीड वर्ष जुना, लेडीज, युके साडेपाच. कॉलेजपासून माझा नंबर साडेपाचच आहे.

8 जून, रविवार

पहिल्यांदा घाट. साडेपाचला निघाले. चढताना वाटलं होतं त्यापेक्षा बरं गेलं, म्हणजे पळणं असं नव्हतंच ते, फरफट होती, पण थांबले नाही. बरोबर आमच्या ग्रुपमधले काका होते, एसटीतून रिटायर झालेत, साठी उलटलीय आणि ते चढावर गप्पा मारतात. मी फक्त हं हं करत होते. यवतेश्वरला वळलो. मला वाटलं आता काय उतारच आहे, मज्जा, म्हणून जोरात सुटले. पहिले दोन किमी खरंच मज्जा आली, नंतर उजव्या पायाचा अंगठा दर पावलाला बुटाच्या पुढच्या टोकाला ठक ठक आपटायला लागला, कुणी दार वाजवतंय तसं.

एकूण 10.2 किमी. घरी जिना चढताना काहीच नाही, उतरताना मात्र कठड्याला धरून.

11 जून

अंगठ्याचं नख काळंनिळं. दुसऱ्या बोटाचंही कडेने. मांड्या कालपर्यंत इतक्या धरलेल्या की बँकेत खुर्चीवर बसताना शेवटचे चार इंच सरळ पडायचेच. काका म्हणाले चढाने धाप लागते आणि उताराने मांड्या जातात, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि असलं दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त असतं. ते बरोबर निघालं. नखाचं विचारलं तर म्हणाले, "लेस सैल बांधत असशील." लेस घट्ट बांधून बघते.

15 जून, रविवार

9 किमी, घाट अर्ध्यापर्यंतच. लेस घट्ट बांधली तर पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या आणि अंगठा आपटायचा तो आपटलाच. म्हणजे लेसचं कारण पूर्ण नाही.

19 जून

आई (सासूबाई) आळंदीला गेल्या, वारीला. हे त्यांचं चौदावं वर्ष. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किमी आणि मी इथे दहा किमीला नख काळं करून बसलेय. जाताना त्यांनी पिशवीत काय काय भरलं ते बघायला मी नव्हते, ऑफिसला होते, हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

22 जून, रविवार

पळणं नाही. पुण्याला मावसबहिणीकडे गेले होते, तिथून एका मोठ्या दुकानात. नाव लिहीत नाही. पोरगा फार उत्साही होता, त्याने मला ट्रेडमिलवर अर्धा मिनिट पळवलं, मोबाईलवर मागून शूटिंग केलं, आणि मॅडम तुमचा पाय आतल्या बाजूला झुकतो असं सांगून त्यावरचे चार जोड पुढे मांडले. पायाचं माप मात्र कुणीच घेतलं नाही! "नंबर काय मॅडम?" मी म्हटलं साडेपाच, पण हल्ली बोटं आपटतात. मग सहा दिला. उभं राहिल्यावर ठीक वाटला, चवड्याला जरा आवळत होता, तर म्हणाला घालून घालून सैल होईल. 7,499 रुपये. सकाळी अकराची वेळ, पाय एकदम फ्रेश, दुकानात एसी. आता हे लिहिताना सगळं कळतंय.

29 जून, रविवार

12 किमी नव्या बुटांवर. करंगळीला फोड, अंगठा पुन्हा लाल, आधीचं काळं नख आता दुखतसुद्धा नाही नुसतं तिथे आहे. सैल वगैरे काही होत नाही. चामड्याची चप्पल पायाचा आकार घेते, हे जाळीचं कापड आणि फोम आहे, रुंदीला कदाचित केसभर ढिलं होईल, लांबीला होत नाही म्हणजे नाही. आणि रस्त्यावर वापरलेला जोड दुकान परत घेत नाही, फोन करून झाला.

3 जुलै

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

बँकेच्या कोपऱ्यावर चप्पल-बूट दुरुस्तीवाले मामा बसतात, त्यांच्याकडे नवे बूट घेऊन गेले की फर्म्यावर चढवून ताणून द्या. त्यांनी बूट हातात घेतला, आत हात घालून बोटांनी पुढचं टोक चाचपलं, बाहेरून जाळी दाबली, उलटा करून वाकवून बघितला. मग म्हणाले, "ताई, हे चामडं न्हाई. लाकडी फर्मा घातला तर एक तर शिवण जाईल न्हाईतर हे पुढचं चिकटवलेलं निघंल. माझे पैसे मिळतील, तुमचा बूट जाईल." मग म्हणाले पाय दाखवा.

पाय दाखवा म्हटल्यावर मला कसंतरीच झालं, भर रस्त्यात, पाचच्या सुमारास, येणारेजाणारे आमचेच खातेदार. पण त्यांनी पेपर पसरला आणि सांगितलं दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभ्या राहा, बसून माप घेतलं की पाय खोटं बोलतो. पेन्सिल अगदी उभी धरून पायाच्या कडेने फिरवली, आधी डावा, मग उजवा. कोल्हापुरी बांधायला असंच घेतात म्हणाले, पुढं-मागं आणि चवड्याला दोन खुणा. मग तो बूट त्या चित्रावर ठेवला.

बुटाचा तळ माझ्या पायापेक्षा अरुंद होता. करंगळीकडची पेन्सिलची रेघ बुटाच्या बाहेर दिसत होती, साधारण अर्धा सेंटीमीटर. मी ते चित्र बघतच राहिले. मामा हसले. "हितनं पाय बाहेर लोंबतोय की तुमचा."

पैसे घेतले नाहीत. पेपर घडी करून पर्समध्ये घालून आणला.

6 जुलै, रविवार, आषाढी

उपास, त्यामुळे 6 किमीच, हळू. दुपारी साबुदाण्याच्या खिचडीनंतर लेकीची पट्टी घेऊन बसले. मामांच्या चित्रावरून:

डावा पाय 244 मिमी, उजवा 249. चवड्याची रुंदी डाव्याची 98, उजव्याची 101.

मग दोन्ही बुटांचे इनसोल (आतली सुटी गादी) बाहेर काढून मोजले. जुना साडेपाच: 250. नवा सहा: 254. म्हणजे जुन्या बुटात उजव्या अंगठ्यापुढे एक मिलीमीटर. एक! नखाला जाडी असते त्याच्याएवढीसुद्धा जागा नाही, आणि मी त्यात यवतेश्वरवरून खाली येत होते. नव्यात पाच. पाहिजे किती तर साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी, दहा-बारा मिमी, कारण लांब पळताना पाय सुजतो आणि उतारावर पाय बुटात पुढे सरकतो.

युकेच्या एका नंबरमध्ये इंचाचा तिसरा भाग असतो, म्हणजे 8.47 मिमी, अर्ध्या नंबरला सव्वाचार. म्हणजे साडेपाचचा सहा करून मी सव्वाचार मिमी विकत घेतले साडेसात हजाराला.

आणि मग एक गोष्ट डोक्यात आली. लेकीच्या वेळेला सातव्या महिन्यानंतर मला एकही चप्पल होत नव्हती, तेव्हा सूज म्हणून सोडून दिलं. पण बऱ्याच बायकांची पायाची कमान गरोदरपणात खाली बसते आणि पाय काही मिलीमीटर लांब-रुंद होतो तो तसाच राहतो. लेक आता नऊ वर्षांची आहे. नऊ वर्षं मी लग्नाआधीच्या नंबरचे बूट घालतेय. सँडलची बोटं उघडी असतात म्हणून कळलं नाही. ब्लाऊजचं माप दर दोन वर्षांनी घेतो आपण, पायाचं कुणी घेतं का!

9 जुलै

आई पंढरपुराहून आल्या. रात्री पाय चेपताना (त्यांचे मी) त्यांचं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. हे काय केलंस? सगळी कथा सांगितली, 254, 249, सव्वाचार. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं आम्ही वारीला कायम एक नंबर मोठा घेतो. लोणंदच्या पुढं पाय सुजतातच. मला विचारलं असतंस तर." त्यांचा नंबर पाच, वारीचे कॅनव्हास सहाचे. चौदा वर्षं. पिशवीत तेच होते.

यावर मी काय बोलणार.

13 जुलै, रविवार

11 किमी, जुन्याच बुटांवर, घाट नाही, नुसतं शहरात, पोवई नाका, गोडोली, परत. उतार नसेल तर जुने चालतात हे लक्षात आलंय.

बुटांचा शोध, आजपर्यंतचा. लेडीज बूट मुळात अरुंद साच्यावर बनतात. रुंदीला अक्षरं असतात, बायकांची नेहमीची रुंदी बी आणि पुरुषांची डी, बायकांसाठी डी म्हणजे 'वाइड'. न्यू बॅलन्स, ब्रुक्स, असिक्स हे रुंद साचे काढतात, काढतात पण आपल्याकडे साताऱ्यात सोडा पुण्यातही बायकांच्या वाइडमध्ये माझा नंबर दिसला नाही. काका म्हणाले मग पुरुषांचे बघ की, बुटाला काय कळतंय. खरंच, पुरुषांची साधी रुंदी म्हणजे माझी वाइड. पुरुषांचे नंबर बऱ्याच ठिकाणी सहापासूनच सुरू होतात, तेवढ्यात मी बसते. फक्त रंग तेवढा काळा, निळा, नाहीतर करडा.

यावरून आठवलं, चेन्नईच्या सीएलआरआयने (केंद्रीय चर्म संशोधन संस्था) देशभरात लाखाच्या वर लोकांच्या पायांची मापं घेतली, त्यात भारतीय पाय रुंद असतात असं निघालं आणि 'भ' नावाची आपली स्वतःची नंबर पद्धत मांडली गेली. दुकानात 'भ' लिहिलेला खोका दिसेल त्या दिवशी पेढे वाटीन, कंदी.

काकांनी बिकिलाचं सांगितलं. 1960 चं रोम ऑलिम्पिक, इथिओपियाचा अबेबे बिकिला, मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणून अनवाणी मॅरेथॉन पळाला आणि 2:15:16 मध्ये जिंकला. चार वर्षांनी टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकला. काकांचं म्हणणं बूट-बूट फार करू नकोस. माझं म्हणणं असं की न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी बरं असंच तर त्यालाही वाटलं असणार. बराच वेळ वाद चालला, मजा आली.

17 जुलै

पुरुषांचा सात मागवला ऑनलाइन. इनसोल 266. घरातच फरशीवर चालून बघितला, खोका फाडला नाही, टॅग काढला नाही. अंगठ्यापुढे सतरा मिमी, आणि खरी भानगड म्हणजे बूट जिथे वाकतो ती जागा माझ्या चवड्याच्या पुढे जाते. परत पाठवला. साडेसहा मागवला.

20 जुलै, रविवार

साडेसहा आला होता शुक्रवारी. 262. उजव्याला तेरा, डाव्याला अठरा (डाव्याचं काय करायचं ते बघू, मोठ्या पायाला धरून घ्यायचा हे नक्की). संध्याकाळी सहाला, दिवसभर उभं राहून झाल्यावर, पळायचे मोजे घालून ट्रायल केली. बोटं पियानो वाजवल्यासारखी हलतात. पहिल्यांदाच.

पण टाच उचलली जाते. पुरुषांची टाच रुंद, माझी बारीक. आज 8 किमीला डाव्या टाचेला साल गेली.

मग लेसचं ते प्रकरण शिकले. बुटाच्या अगदी वर, मागच्या बाजूला एक जास्तीचं भोक असतं दोन्हीकडे, ते आजवर मला शोभेचं वाटायचं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालायची, पूर्ण ओढायची नाही, कानातल्या बाळीसारखा छोटा फास ठेवायचा. दोन्हीकडे तसं करायचं. मग उजवं टोक डाव्या फासातून, डावं टोक उजव्या फासातून, आणि खाली-मागे ओढून बांधायचं. टाच खुंटीला बांधल्यासारखी मागे बसते आणि पुढे चवड्यावर लेस सैल ठेवता येते. त्या 15 जूनला घट्ट करायचं होतं ते इथे, मी करत होते पुढे.

लेकीला दाखवलं तर तिने शाळेच्या बुटालाही तसंच केलं, तिथे भोक नाही तरी.

27 जुलै, रविवार

14 किमी, घाटासकट, धुव्वाधार पाऊस. धुक्यात पुढच्या माणसाचं जॅकेटसुद्धा दिसत नव्हतं, नुसता चपक चपक आवाज. कणसाच्या टपऱ्यासुद्धा बंद. अंगठा ठीक! दोन्ही. तळव्याला मात्र फोड, कारण मोजे सुती होते. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि घासतो. पॉलिस्टरचे घेतले पाहिजेत, आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलीन.

बुटात पेपर कोंबून पंख्याखाली. दर दोन तासांनी पेपर बदलायला आई उठत होत्या, मी झोपले होते.

3 ऑगस्ट, रविवार

16. नवे मोजे. काही लिहिण्यासारखं नाही, हीच बातमी.

7 ऑगस्ट

शाहू स्टेडियमवर बारक्या स्पीडच्या फेऱ्या. ललिता बाबर आपल्याच जिल्ह्यातली, माणमधल्या मोहीची, 2016 ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलला पोचली, दहावी आली. 3000 मीटरमध्ये अडथळे नि पाण्याचा खड्डा. मी 400 ला कंबर धरून उभी.

10 ऑगस्ट, रविवार

नाही झालं. ताप लेकीला.

17 ऑगस्ट, रविवार

18 किमी. आजवरचं सगळ्यात लांब. 2 तास 31 मिनिटं, त्यात चढाला दर दहा मिनिटांनी एक मिनिट चालणं, हे काकांनी जबरदस्तीने करायला लावलं आणि त्यामुळेच जमलं. बाराव्या किमीला खजूर, नंतर मीठ-साखर पाणी. घड्याळाने चारशे मीटरच्या वर चढ दाखवला.

उतार आता वेगळा उतरते. आधी मी मागे झुकून टाच टाकत ब्रेक मारत यायचे, प्रत्येक पावलाला अख्खं वजन मांडीवर आणि अंगठा पुढे. आता पावलं बारीक, पटपट, अंग रस्त्याच्या उताराबरोबर, हात थोडे बाहेर. काका म्हणतात पायऱ्यांवरून दूध घेऊन उतरल्यासारखं. पण हे तंत्र आधी सांगितलं असतं तरी उपयोग झाला नसता, एक मिलीमीटरच्या जागेत कसलं तंत्र. अंगठा आपटणार म्हणूनच मी मागे झुकायचे, आणि मागे झुकल्याने मांड्या जायच्या. म्हणजे 11 जूनच्या मांड्यासुद्धा निम्म्या बुटामुळेच होत्या, असं माझं मत. काकांचं नाही.

31 ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. पहाटे 7 किमी कसेबसे, मग पुरण. उद्या सोळा भाज्या. पायाला विश्रांती, कमरेला नाही.

6 सप्टेंबर, शनिवार

गणपती गेले. टेपर चालू, कमी पळायचं. सकाळी मोजा काढला तर जूनमधलं काळं नख मोज्यातच राहिलं, अजिबात न दुखता. खाली नवं, अर्धवट, तांदळाच्या दाण्याएवढं, मऊ. लेक म्हणाली ठेवूया का डबीत. नाही.

संध्याकाळी आई कपाट आवरत होत्या. ते साडेसात हजाराचे बूट बाहेर काढले, साठेक किमी झालेले, बाकी कोरे. टाकणार आहेस का म्हणाल्या. मी म्हटलं कुणाला होतील विचारतेय. त्यांनी कॉटवर बसून डावा घातला, मग उजवा, मग उठल्या आणि दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या. वाकून स्वतःच्या हाताचा अंगठा बुटाच्या टोकावर आडवा ठेवून दाबला.

"मावतोय की अंगठाभर. कुणाला देऊ नकोस. पुढच्या आषाढीला होतील मला."